वालभट कोण होते?

गोरेगाव पूर्वेला वालभट रोड नावाचा रस्ता आहे. शाळेत असताना मी या वालभटांना मनातल्या मनात पूर्ण घडवून ठेवलं होतं. काळी टोपी, आखूड धोतर, बेचाळीसच्या चळवळीत येरवड्याची वारी, मग गोरेगावात बिऱ्हाड करून पोरांना फुकट संस्कृत शिकवणं, आणि शेवटी कृतज्ञ गावकऱ्यांनी दिलेला हा रस्ता. नावात भट आहे म्हटल्यावर माणूस असणारच, यात मला तिळमात्र शंका नव्हती. एकदा बाबांना विचारलंही, वालभटांचा फोटो कुठे लावलाय का हो? बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "पावसाळ्यात येतात ते बाहेर. तेव्हा बघ."

बाबांचं बोलणं असंच असायचं. मी ते सोडून दिलं.

वालभट ही नदी आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आरेच्या बाजूने येते आणि पुढे ओशिवऱ्याला मिळते. आम्ही जन्मभर जिला 'नाला' म्हणून नाक दाबत ओलांडलं, तीच. पुढे २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आमच्या बिल्डिंगच्या पायऱ्यांवर पाणी एकेक पायरी चढत होतं. तळमजल्यावरचे जोशीकाका-काकू गॅसची शेगडी आणि देव्हारा घेऊन आमच्याकडे वर आले होते. बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून जिन्यात उभे होते. पाणी तिसऱ्या पायरीला लागलं तसे ते अगदी अदबीने म्हणाले, "या, वालभट."

माणूस समजले ते पाणी निघालं. तेव्हापासून मला उपनगरांतल्या रस्त्यांची नावं उकरायची खोडच लागली. तसा या खोडीचा काहीएक उपयोग नाही. रिक्षात बसल्यावर शेजारच्याला छळता येतं, एवढाच.

पहिला धक्का घरातच बसला. बाबांच्या पश्चात कागदपत्रं लावताना फ्लॅटचं ॲग्रीमेंट नीट वाचलं. त्यात आम्ही गोरेगावात राहतो असं धड म्हटलेलंच नाही. आम्ही राहतो 'मौजे पहाडी, तालुका बोरिवली' इथे, अमुक सिटी सर्व्हे नंबरवर. पत्रावर कधी लिहिलं नाही, रिक्षावाल्याला कधी सांगितलं नाही असं हे गाव आमच्या लोखंडी कपाटात स्टॅम्पपेपरवर नांदत होतं. बाहेर त्याची खूण एकच, आरे रोडजवळचा पहाडी स्कूल रोड. त्यावरून हजारदा गेले असेन. मला वाटायचं, आरेच्या टेकड्यांवरून काहीतरी काव्यमय नाव दिलंय शाळेला.

मग कळलं की अशी गावं सगळीकडे दडून बसलेली आहेत. पवईत पंचविसाव्या मजल्यावर घर घेणाऱ्याच्या खरेदीखतात 'मौजे तिरंदाज' येतं. अंधेरीत 'मौजे मोगरा', जोगेश्वरीत 'मौजे मजास'. काही गावं नशीबवान, त्यांना निदान रस्ता तरी मिळाला. कांदिवलीचा आकुर्ली रोड, घाटकोपरचा किरोळ रोड, अंधेरीचा सहार रोड, मालाडचा मार्वे रोड. या नावांत कुणाचा गौरव नाही. रस्ता आकुर्लीला जायचा, म्हणून आकुर्ली रोड. बैलगाडीवाल्याला विचारलं असतं तरी त्याने हेच नाव सांगितलं असतं. चिंचोली बंदर रोडवर आज बंदर शोधायला गेलात तर सिग्नल सापडेल, पण खाडीतून होड्या यायच्या तेव्हा बंदर होतं आणि नावाने ते सोडलेलं नाही. वर्सोव्याला सात बंगला आणि चार बंगला आहेत, म्हणजे नावं आहेत. ज्या बंगल्यांवरून ती पडली ते मोजायला गेलात तर हिशोब जमणार नाही.

अशी नावं मला आवडतात. दिलेल्या नावांपेक्षा पडलेली नावं.

दिलेल्या नावांचं काय होतं हे मी पहिल्यांदा पाहिलं ते बाबांच्या अक्षरात. आत्या दादरला राहायची. बाबा तिला आंतर्देशीय पत्र पाठवायचे, निळ्या शाईने, आणि पत्त्यात लिहायचे 'न. चिं. केळकर मार्ग'. 'चिं' वरचा अनुस्वार ते इतका ठळक द्यायचे की मागच्या बाजूला टोचलेला दिसायचा. टिळकांच्या पश्चात 'केसरी' सांभाळणारे नरसिंह चिंतामण केळकर, बाबांच्या लेखी साहित्यसम्राट. आत्या मात्र टॅक्सीवाल्याला सांगायची 'एन. सी. केळकर'. बाबांना हे सहन व्हायचं नाही. "मराठी माणूस मराठी लेखकाचं नाव इंग्रजीतून का घेतो?" आत्या म्हणायची, "दादा, टॅक्सी थांबायला हवी ना!"

आत्याचं बरोबर होतं असं मला आता वाटतं. रस्त्याचं नाव टिकायचं तर ते टॅक्सीवाल्याच्या, कंडक्टरच्या, रिक्षावाल्याच्या तोंडात बसावं लागतं. तिथे थोरवीला सवलत नाही. लोकमान्य टिळक बोरिवलीत 'एल. टी. रोड' होतात. लालबहादूर शास्त्री कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत 'एल. बी. एस.'. अंधेरीत दादाभाई नौरोजींच्या नावाची वसाहत आहे, तिला सगळे 'डी. एन. नगर' म्हणतात, आणि आता तर मेट्रोतली बाई रोज शेकडो वेळा तसंच म्हणते. बोरिवलीची आय. सी. कॉलनी तर चक्क एक अख्खी श्रद्धा दोन अक्षरांत बसवून आहे, इमॅक्युलेट कन्सेप्शन, मंडपेश्वरच्या चर्चवरून. हे सगळं अपमानाने होत नाही, घाईने होतं. पण एकदा अक्षरं सुटी झाली की त्यांचा मूळ माणसाशी संबंध उरतोच असं नाही. जुहूच्या स्कीममध्ये 'एन. एस. रोड नंबर १०' आहे. मुलुंडलाही एन. एस. रोड आहे. मुलुंडचे एन. एस. म्हणजे नेताजी सुभाष. जुहूचे म्हणजे नॉर्थ-साउथ. आराखड्यावर दक्षिणोत्तर रेघा मारून त्यांना क्रमांक दिले, बस. माझी एक मैत्रीण तिथे वीस वर्षं राहिली आणि नेताजींच्या नावाचे दहा-दहा रस्ते एकाच वस्तीत का, याचं नवल करत राहिली.

तिला हसायचा मला अधिकार नाही. माझी फजिती याहून मोठी आहे.

१९९९ साल. बी.कॉम. होऊन वर्ष झालेलं. एका कंपनीतून मुलाखतीचा फोन आला. पलीकडची मुलगी घाईत होती. "सीएसटी रोडला या, अकरा वाजता," म्हणाली, बिल्डिंगचं नाव सांगितलं आणि फोन ठेवला. आता, व्हिक्टोरिया टर्मिनसचं छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं १९९६ मध्ये. सगळी दुनिया व्हीटीच म्हणत असताना मी मात्र तत्त्व म्हणून सीएसटी म्हणायची. तिकीट काढताना खिडकीवर मुद्दाम म्हणायची, आणि आतला माणूस "व्हीटी?" म्हणाला की "सीएसटी" असं दुरुस्त करायची. त्या वयात माणूस असला पराक्रम करतो. आईचा कॉटनचा मोतिया ड्रेस इस्त्री करून घातला, दादरला गाडी बदलली आणि सव्वादहाला टर्मिनसवर उतरले. पाऊण तास हातात. मनात म्हटलं, चहा पिऊन जाऊ.

समोरच्या स्टॉलवाल्याला सीएसटी रोड विचारला. तो म्हणाला, "डी. एन. रोड पाहिजे का?" दुसऱ्याने भुयारी मार्गाकडे बोट दाखवलं. भुयारातून मी वर आले ती पुन्हा स्टेशनसमोरच. शेवटी चौकातल्या हवालदारांना विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अत्यंत सहानुभूतीने सांगितलं, "बाई, व्हीटीचं सीएसटी झालं. रोडचं अजून काही आलेलं नाही."

एसटीडी बूथवरून कंपनीत फोन केला. तीच मुलगी. "कालिना, मॅडम! सांताक्रूझला उतरायचं!" येताना सांताक्रूझ स्टेशन माझ्या खिडकीसमोरून गेलं होतं. पोचले तेव्हा दीड वाजला होता आणि मोतिया ड्रेसला घामाचे नकाशे उमटले होते. मुलाखत घेणारे गृहस्थ माझी हकिकत ऐकून खूप हसले. मी विचारलं, मग या रस्त्याला सीएसटी का म्हणतात? ते गप्प झाले. पाणी दिलं, नोकरी दिली नाही.

गंमत अशी की नव्या नावाचा अभिमान नसता तर मी वाचले असते. आईला 'सीएसटी रोड' म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, "हे कुठे आलं बाई?" आणि मी पत्ता नीट विचारून घेतला असता.

उत्तर मिळायला पुढे कितीतरी वर्षं गेली. सी. एस. टी. म्हणजे सेंट्रल सालसेट ट्रामवे. सालसेट म्हणजे आपली साष्टी, सहासष्ट गावांचं बेट म्हणून साष्टी. मुंबईची बहुतेक उपनगरं ज्या जमिनीवर आहेत ते बेट. तर या साष्टीच्या पोटातून ट्रॉम्बेपासून अंधेरीपर्यंत जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने एक लाईन टाकली होती. १९२८ मध्ये सुरू झाली, १९३४ मध्ये बंद. सांताक्रूझचा विमानतळ व्हायचा होता, त्याच्या वाटेत ती आली. अवघी सहा वर्षं. एवढ्यात पोर धड शाळेतही जात नाही. रूळ उखडले गेले, आणि कालिन्याच्या रस्त्याला तिची तीन आद्याक्षरं चिकटून राहिली. व्हीटीचं सीएसटी व्हायच्या कित्येक दशकं आधीपासून ती तिथेच होती. गोंधळ घातला तो नंतर आलेल्याने. २०१७ मध्ये टर्मिनसच्या नावात 'महाराज' जोडलं गेलं आणि सीएसटीचं सीएसएमटी झालं. त्या बातमीने महाराष्ट्रात सर्वात जास्त सुटका कुणाची झाली असेल तर कालिन्याला मुलाखतीला जाणाऱ्या मुलींची.

पण आद्याक्षरांनी खरा अन्याय केलाय तो माहीमला. दादरहून माहीमकडे जाणारा एल. जे. रोड. बेस्टच्या बसमधून इतक्यांदा गेले, कधी वाटलंच नाही की हे कुणाचं नाव असेल. एल. जे. म्हणजे लेडी जमशेटजी. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती. भरतीच्या वेळी होड्या उलटायच्या, माणसं बुडायची. सरकारला पुलासाठी पैसा मिळेना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाईंनी स्वतःच्या पैशातून रक्कम दिली, सगळी मिळून १,५७,००० रुपये, आणि अट घातली की येणाऱ्या-जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. टोल न घ्यायची अट घालणारी बाई, पावणेदोनशे वर्षांपूर्वी! आणि आपण तिचं काय केलं? रस्त्याला नाव दिलं तेव्हा 'लेडी' ही पदवी आणि 'जमशेटजी' हे नवऱ्याचं नाव. मग त्याचं केलं एल. जे. एल म्हणजे लेडी, जे म्हणजे नवरा. आवाबाई त्यात कुठेच नाही.

बायकांच्या नावांचे रस्ते शोधायला लागलं की फार वेळ लागत नाही, कारण फार सापडत नाहीत. कस्तुरबा भेटतात, बोरिवलीत आणि इतरत्र. पाली हिलला नर्गिस दत्त. आमच्या गोरेगावात मृणालताई गोरे यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे आणि तो पाहिला की मला बरं वाटतं. हंडा मोर्चे काढणारी पाणीवाली बाई. गेल्या महिन्यात एका रिक्षावाल्याने विचारलं, "मृणालताई ब्रिजवरून घेऊ?" एम. जी. ब्रिज झालेलं नाही अजून. कदाचित एम. जी. ही अक्षरं आधीच दुसऱ्या कुणीतरी घेऊन ठेवल्यामुळे असेल.

ती किती ठिकाणी घेतली आहेत पाहा. महात्मा गांधी रोड पार्ल्याला आहे, गोरेगावला आहे, कांदिवलीला आहे, घाटकोपरला आहे, मुलुंडलाही आहे. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, या महापालिकेला दुसरी नावं सुचत नाहीत. पण हे सगळे रस्ते एका शहराचे नव्हतेच. १९५० साली जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंतची वस्ती मुंबईत आली, १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंतची. त्याआधी कुठे आपली नगरपालिका होती, कुठे ग्रामपंचायत. पार्ले-अंधेरीची वेगळी, घाटकोपर-किरोळची वेगळी. प्रत्येक गावाला आपला एक स्टेशन रोड आणि आपले एक गांधी हवे होते, त्यात गैर काय? मग गावं एकमेकांना चिकटून एक शहर झाली आणि गांधी तेवढे ठिकठिकाणी राहिले. पार्ले पूर्वेत फिरा. नेहरू, सुभाष, मालवीय, श्रद्धानंद, अजमल. जुन्या पेपराची घडी उलगडून त्यातल्या मथळ्यांवरून चालत गेल्यासारखं वाटतं.

ज्यांना नावंच सुचली नाहीत त्यांनी आकडे दिले. खारचे रस्ते, चेंबूरचे रस्ते. आमच्याकडे जवाहर नगर, जयप्रकाश नगर, रोड नंबर अमुक. काही ठिकाणी तर फाईलचंच नाव रस्त्याला लागलं. टी. पी. एस. रोड म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम, १९१५ च्या कायद्याखालची योजना. या आकड्यांविषयी मला फार बोलण्यासारखं नाही. पत्ता सापडतो, एवढं मात्र कबूल.

एक कोडं मला बरीच वर्षं सुटत नव्हतं. पडलेलं नाव दिलेल्या नावापेक्षा चिवट असतं, असा माझा सिद्धांत. पण मग वांद्र्यापासून वर जाणारा घोडबंदर रोड गेला कुठे? जुनं नाव, रस्त्याच्या टोकाचं नाव, घोड्यांच्या व्यापाराच्या बंदराचं नाव. सगळे गुण होते. आज ठाण्याच्या बाजूला 'घोडबंदर रोड' म्हणतात, रेडिओवर रोज त्याच्या ट्रॅफिकचं रडगाणं असतं. पण वांद्रे ते दहिसर विचारा, 'एस. व्ही. रोड'. म्हातारी माणसंसुद्धा तेच म्हणतात. उलट वांद्र्याचा हिल रोड. त्याचं कागदोपत्री नाव रामदास नायक मार्ग आहे आणि तिथे कपडे घ्यायला जाणारी एकही मुलगी तसं म्हणताना मी ऐकलेली नाही. टर्नर रोडचा गुरु नानक रोड झाला, तो पाटीवर. कार्टर रोडला संगीतकार नौशाद यांचं नाव दिलं, तेही पाटीवर. कुर्ला-घाटकोपरकडचे जुने लोक अजून 'आग्रा रोड' म्हणतात, त्यांची पोरं 'एलबीएस'.

मला वाटतं घोडबंदरला स्वामी विवेकानंदांनी हरवलंच नाही. हरवलं ते 'एसव्ही'ने. घोडबंदर म्हणायला जिभेला चार ठिकाणी जावं लागतं, एसव्हीला दोन. हिल रोड मुळातच इतका आखूड की त्याहून छोटं काही मिळणं शक्य नव्हतं, म्हणून तो वाचला. पूर्व द्रुतगती महामार्ग आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग हे शब्द वर्तमानपत्रं आणि सरकारी पाट्या यांच्याबाहेर कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. 'हायवे' म्हटलं की झालं. बाबांना हे पटलं नसतं. ते म्हणाले असते, जिभेचा आळस म्हणजे इतिहास नव्हे. बाबांनी शेवटपर्यंत पत्त्यात 'जनरल अरुणकुमार वैद्य मार्ग' पूर्ण लिहिलं, पोस्टमन वाचो न वाचो. ए. के. वैद्य म्हटलेलं त्यांना खपायचं नाही.

आता रस्ते संपलेत. नाव द्यायला मोकळा रस्ता उरलेला नाही, आणि नाव द्यावं अशी माणसं तर मरतच असतात. म्हणून चौक निघाले. दोन गल्ल्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे काळा ग्रॅनाइटचा दगड उभा राहतो. वरती 'कै.' आणि दिवंगताचं नाव. खाली 'यांच्या शुभहस्ते' आणि उद्घाटकाचं नाव, बऱ्याचदा थोड्या मोठ्या अक्षरांत. त्याखाली तारीख. आमच्या घरापासून स्टेशनपर्यंत मी एकदा असे दगड मोजले. सात झाले. मधे एक बसस्टॉप बांधून काढल्यामुळे आठवा सुटला असेल.

आमच्या अगदी कोपऱ्यावरही एक आहे. बारा-तेरा वर्षं मी तो रोज पाहते, म्हणजे त्याला टेकलेली केळ्यांची गाडी पाहते. भैय्याने दगडाच्या वरच्या कडेला तराजू अडकवायला खिळा ठोकलाय आणि अक्षरांवर पोतं टाकलंय. मागच्या रविवारी तो गाडी धूत होता, पोतं बाजूला होतं. मी वाकून वाचलं. एका गुरुजींचं नाव होतं. आमच्याच शाळेतले, मला सातवीत भूगोल शिकवायला होते. नकाशात नद्या निळ्या पेन्सिलीने काढायला लावायचे आणि उगमापासून सुरू केली नाही तर वही परत द्यायचे. ते गेल्याचं मला माहीत होतं. त्यांच्या नावाच्या चौकात मी इतकी वर्षं केळी घेते हे माहीत नव्हतं.

दगड ओला होता. 'गुरुजी' मधला ऊकार कुणीतरी चुकवून दीर्घ कोरला होता. गुरुजींनी लाल शाईने गोल केला असता.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती क्लासवरून रिक्षाने येत होती, मला घेऊन पुढे जायचं होतं. "आई, नेमकी कुठे उभी आहेस?"

"डेअरीपाशी," मी म्हणाले. डेअरी बंद होऊन नऊ वर्षं झाली, आता तिथे मोबाईल रिपेअरिंग आहे.

"दोन मिनिटांत आले," ती म्हणाली.